छत्तीसचा आकडा

अमरसिंहदादांना मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला मोठ्या मनाचा समजायला नको.

नऊ वर्षांपूर्वी आमची चार मेंढरं त्यांच्या उसात शिरली. मी तेव्हा फौजेत होतो, बंदुका दुरुस्त करणारा हवालदार. मेंढरांमागं माझी माय होती, चतुराबाई, वय पासष्ट. दादांनी तिला आपल्या दारात कान धरून उभं केलं. बारापासून तीनपर्यंत, वैशाखाच्या उन्हात. ओसरीवर दहाजण चहा पीत बसले होते, पण पाण्याचा घोट कुणी दिला नाही. सुट्टीवर आलो तेव्हा मला हे दुसऱ्यांकडून कळलं. मायला विचारलं तर एवढंच म्हणाली, "भितीवर बंदूक हाय त्याच्या. तिच्याकडं बघत हुबी व्हते."

त्या बंदुकीचं गावात फार कौतुक. दादांचे आजोबा पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलते, तिथून ही आणली, हिनंच सात जर्मन लोळवले, हे दादांच्या प्रत्येक भाषणात यायचं. निवडणुकीगणिक जर्मन वाढायचे. मागच्या खेपेला अकरा झाले होते.

पेन्शन घेऊन मी गावी आलो. यंदा एक मेच्या ग्रामसभेत विषय निघाला, गायरानावर दादांच्या आजोबांचं स्मारक. आमची मेंढरं जगतात ती त्याच गायरानावर. दादा बंदूक घेऊनच आले, लाल कापडात गुंडाळून. शाळेसमोर भर उन्हात उभं राहून त्यांनी ती दोन्ही हातांनी वर धरली.

मी उठलो आणि नरमाईनं विचारलं, "दादा, कंच्या साली आनली म्हनले आज्यानं?"

"एकोणीसशे अठरा. फ्रेंचांची लेबल रायफल हाय ही, नाथा. तुला म्हाईत असंल."

हे नाव त्यांनी मोबाइलवर वाचलं असणार. पहिल्या लढाईत फ्रेंच शिपायाकडं लेबल असायची हे खरं. तिची आठ काडतुसं नळीखालच्या लाकडात एकामागं एक बसायची आणि भरता भरता जीव जायचा. मग फ्रेंचांनी तीन काडतुसं एकदम भरता येतील अशी बंदूक हाती घेतली, लढाई चालू असतानाच ती पाचाची केली. दुसऱ्या लढाईच्या तोंडावर त्यांनी जी नवी काढली, ती दादांच्या हातात होती. आखूड, पोटात पाच गोळ्या, गोळी आत सारणाऱ्या बोल्टाचा दांडा पुढं वाकलेला. फौजेच्या संग्रहालयात अशीच एक मी माझ्या हातानं तेल लावून पुसली होती.

"लेबल दुसऱ्याच मालाला लावलंय, दादा," मी म्हणालो. "बाजूचा आकडा वाचा की."

सरपंच शहादेवनं पुढं येऊन वाचला. "छत्तीस."

"छत्तीस सालचं मॉडेल. मग आज्यानं अठरा साली आनलं कसं? आन जर्मन कशानं मारले?"

"भाषणानं मारले बे!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळी सभा खो खो हसली. स्मारकाचा विषय तिथंच बारगळला.

दादा चिडून बंदूक खाली ठेवायला वाकले. मी तिथं थांबायला हवं होतं. पण माझा आणि त्यांचाही छत्तीसचाच आकडा, आणि मला ते तीन तास परत हवे होते.

"ठिवू नका!" मी ओरडलो. "ह्या बंदुकीला सेफ्टीच नसती. फ्रेंचांनी बसवलीच न्हाई. आत गोळी असली आन धक्का बसला, तर?"

"आत काय न्हाई बे."

"कवा उघडून बघितली?"

दादांनी बोल्टाचा दांडा नुसता चाचपला. त्यांना ती उघडताच येत नव्हती. "मग तूच बघ की!"

"माज्याकडं परवाना न्हाई. पोलिस येऊ द्या. तवर नळी आभाळाकडं धरा आन हालू नका."

परवाना तर दादांकडंही नव्हता. त्यांची माणसं एकेक पाऊल मागं घेत शाळेच्या भिंतीआड गेली. बारा वाजले होते. शहादेवनं फोन लावला, पण वडवणीहून पोलिसांची गाडी यायला तीन वाजले. तोवर तो माणूस उन्हात उभा, डोळ्यांत घाम, पुसायला हात मोकळा नाही. मी सावलीत बसून चहा प्यालो. इतका गोड चहा मी जन्मात प्यालो नव्हतो.

कारण बोल्टाच्या मागचं झाकण गायब होतं. म्हणजे आत स्प्रिंगही नाही, गोळीवर आपटणारी पिनही नाही. ती बंदूक लाटण्याइतकीच धोक्याची होती आणि हे मला पहिल्या नजरेतच दिसलं होतं.

अडीचच्या सुमाराला बायांमध्ये बसलेली माय उठली. तांब्या भरून घेऊन सरळ दादांकडं चालू लागली.

"माय, मागं फिर!" मी हाका मारल्या, पण तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. तांब्या त्यांच्या तोंडाला लावला. दादांचे हात अडकलेले, ते डोळे मिटून तिच्या हातून पाणी प्याले. सगळं गाव बघत होतं.

पोलिसांनी बंदूक नेली आणि दादांनाही नेलं. घरी जाताना मी मायवर चिडलो. "कावून गेलतीस? मी एवढं हुबं केलं त्याला, आन तू पानी पाजलंस!"

"आत गोळी हाय म्हनलास तू. मरनाराला पानी पाजावं रं, वैरी असला तरी." जरा पुढं जाऊन तिनं विचारलं, "व्हती का खरंच गोळी?"

"न्हाई माय. ती बंदूक उडतच न्हाई. मला आदीच ठाऊक व्हतं."

माय रस्त्यात थांबली. रिकाम्या तांब्याकडं बघत राहिली.

"मग आदी सांगायचं की रं, मेल्या," ती म्हणाली. "थेंब दिला नसता."