नळावरचा फळा

वसाहतीच्या सार्वजनिक नळाशेजारी पाणीखात्याचा एक फळा होता. रोज सकाळी सहाला भीमराज नळाचं पाणी काचेच्या नळीत घेई आणि त्यात औषधाचे थेंब टाकी. पाणी पिवळं झालं की त्यात क्लोरीन आहे. मग तो पांढऱ्या खडूने लिही, ‘पाणी पिण्यास योग्य.’ तीन वर्षं बायका फळा पाहूनच हंडे भरत होत्या.

ऐंशीच्या निवडणुकीत दौलतराव उमेदवार होते. मतदानाआधी सुपरवायझर उद्धवराव म्हणाले, “त्याखाली एक ओळ टाक. ‘दौलतरावांच्या प्रयत्नांमुळे.’”

“साहेब, फळा पाण्याचा आहे.”

“आणि तुझी नोकरी कुणाची आहे? अजून कायम झालेला नाहीस, राव.”

भीमराजने ओळ लिहिली. आठ दिवस लिहिली.

नवव्या दिवशी नळीतलं पाणी पिवळं झालं नाही. तीनदा तपासलं, तरी नाही. त्याने सगळा फळा पुसला आणि लाल खडूने लिहिलं, ‘पाणी उकळून प्यावे.’

नळावर हशा पिकला.

“कालपर्यंत दौलतरावांमुळं शुद्ध होतं. आज काय, दौलतराव आजारी पडले?”

“दुसऱ्या पार्टीनं लिहायला लावलं असंल!” रुक्मिणीबाई म्हणाल्या.

भीमराजने नळी वर धरली. “हे बघा, रंग आलेला नाही.”

“नळी तुमची, औषध तुमचं. आमाला काय कळतंय?”

भीमराजने नळी रिकामी केली. वरिष्ठांना फोन केला, तर सगळे सभेला गेलेले. तेव्हा तो दारोदार निघाला. एप्रिलचं ऊन होतं. लोक ऐकून घेत, मान हलवत आणि दार लोटून घेत.

दुपारी रुक्मिणीबाईंच्या दारात पोचला, तेव्हा त्याचा घसा कोरडा पडला होता. त्या आत गेल्या आणि तांब्या भरून घेऊन आल्या. पहिल्या वर्षी याच दारात त्यांनी त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं होतं. आज तांब्या हातात दिला.

“आधी पाणी घ्या. तोंड बघा कसं झालंय.”

तांब्या गार होता. भीमराजने तो क्षणभर धरला आणि उंबऱ्यावर ठेवला.

“हे उकळलेलं नाही, मावशी. मी नाही पिऊ शकत.”

रुक्मिणीबाईंचा चेहरा उतरला. “आमच्या हातचं चालत न्हाई व्हय तुमाला?”

“तसं नाही. उकळून ठेवा. संध्याकाळी येतो आणि दोन तांबे पितो.”

“कशाला येताय,” असं म्हणत त्यांनी तांब्या उचलला आणि दार लावलं.

तो पुढच्या दाराकडे वळला. तिथेही कुणीतरी पाणी पुढे केलं, तिथेही त्याने नाही म्हटलं. पुढची एकवीस घरं तशीच. शेवटच्या घरापाशी तो भिंतीच्या सावलीत टेकला. ओठ चिकटत होते.

मागे कुठल्यातरी घरात कुणी स्टोव्हला पंप मारत होतं. भीमराजने कान दिला. पाणी उकळायला ठेवलं होतं की दुपारचा चहा, हे त्याला तिथून कळणार नव्हतं.