जेर्बाचं अंडं

पद्मजाच्या स्वयंपाकघरात आजवर अंड्याला प्रवेश नव्हता, आणि आता एका अंड्यासाठीच ती विमानतळावर जीव मुठीत धरून उभी होती.

तिची लेक स्वानंदी पाचव्या महिन्यात होती. आधी दोनदा हाती आलेलं निसटलं होतं. जर्सी सिटीतल्या शेजारीण कमूना मावशी मूळच्या ट्युनिशियातल्या जेर्बा बेटावरच्या ज्यू. त्यांनी उपाय सांगितला. तिथल्या सिनेगॉगची मे महिन्यात यात्रा भरते. उकडलेल्या अंड्यावर बाईचं नाव लिहून ते खालच्या गुहेत दिव्यांपाशी ठेवायचं, मग परत आणून तिनेच खायचं.

मावशींना डॉक्टरने प्रवासबंदी केलेली. म्हणून त्यांच्याच गल्लीत वाढलेला, इथे बेकरी चालवणारा हेदी गेला. हेदी मुसलमान.

"त्यांनी ठेवलेलं चालेल?" पद्मजाने विचारलं होतं.

"याच्या आईने याच्यासाठी तिथेच अंडं ठेवलं होतं," मावशी म्हणाल्या होत्या. "आता हे असं निघालं, त्यात गुहेचा काय दोष?"

विमान केव्हाच उतरलं होतं. दार उघडलं की पद्मजा पुढे सरसावायची, आणि दुसरंच कुणीतरी बाहेर यायचं. शेवटी हेदीचा मेसेज आला : कस्टम्सने अंड्यावरून अडवलंय.

"पण सांगितलं कशाला त्यांनी?"

"खरं बोलायची खोड आहे त्याला," शेजारी उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या. "डाळिंबं आम्ही दोघं चोरायचो, मार हा एकटा खायचा."

हेदी आला. दोन्ही हातांत बॅगा, चेहरा उतरलेला.

"अंडं?"

"कचऱ्यात टाकत होते, मॅडम. नाव लिहिलेलं, दिव्यांच्या धगीत बसलेलं अंडं. मला बघवेना."

"मग?"

"खाल्लं."

"सोलून?" मावशींनी विचारलं.

"अर्धवट. ऑफिसर ओरडत होता."

पद्मजा मावशींकडे वळली. "मावशी, आता स्वानंदीचं काय?"

मावशींनी हेदीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आमच्याकडे असं कधी झालेलं नाही," त्या म्हणाल्या. इतकं घाबरवणारं उत्तर पद्मजाला आजवर एकाही डॉक्टरने दिलं नव्हतं.

ती हेदीकडे वळली. "सगळं खाल्लंत ना? सांडलं नाही?"

"कणभरही नाही."

"मळमळतंय?"

"थोडं."

पद्मजाने त्याच्या पोटाकडे पाहिलं, मग हातांतल्या बॅगांकडे.

"खाली ठेवा आधी," ती ओरडलीच. "आता चार महिने काही म्हणता काही उचलायचं नाही!"

आणि दोन्ही बॅगा उचलून ती पार्किंगकडे चालू लागली.