कुलपातला गॅस

माझे सासरे झुंबरलालजी धरणगावात कापसाचे व्यापारी. भाव चढेपर्यंत माल वखारीत दाबून ठेवायचा, ही एकच विद्या त्यांना येत होती, आणि ती ते दिसेल त्या वस्तूला लावायचे. एकोणसत्तर साली गोबरगॅसलाही लावली.

गॅस आणला तो सासूबाईंसाठी. चुलीच्या धुरानं त्यांचा एक डोळा गेला होता. जळगावचे डॉक्टर म्हणाले, धूर थांबवा, नाहीतर दुसराही जाईल. मग गोठ्यामागे खोल खड्डा खणून त्यावर लोखंडी टाकी उपडी घातली. आत गॅस साठला की टाकी वर उचलली जायची. ती पहिल्यांदा वर आली तेव्हा सासूबाईंनी तिला कुंकू लावलं. सासऱ्यांनी कॉकवर पेटी ठोकून कुलूप लावलं.

"भरल्या टाकीला आत्ताच हात कशाला? गौतमच्या सगाईला वापरू. तोवर चांगला साठा होईल."

गौतमचंद माझा दीर. त्याची सगाई फाल्गुनात, आणि हा आषाढ चालला होता! रोज दिवस मावळण्याआधी जेवून सासरे टाकी बघून यायचे. टाकी पुरती वर. मग समाधानाची ढेकर.

मला मात्र टाकीच्या कडेनं बुडबुडे फुटताना दिसायचे. टाकीत मावणार एका दिवसाचा गॅस, बाकीचा सगळा हवेत. सासऱ्यांसमोर तोंड उघडायची आम्हा सुनांना सोय नाही, म्हणून नवऱ्याला सांगितलं. "साठवणूक बापूजींना मी शिकवू?" म्हणत ते दुकानात निघून गेले. फार शूर माणूस! इकडे सासूबाई चुलीत कापसाच्या ओल्या पऱ्हाट्या फुंकत बसायच्या, कारण सासऱ्यांना रोटी त्यांच्याच हातची लागायची. माझा नुसता संताप व्हायचा.

सगाईच्या दिवशी सासऱ्यांनी पाहुण्यांदेखत कुलूप उघडलं. "आठ महिन्यांचा साठा आहे!" निळी ज्योत पेटली. पुऱ्यांचे काही घाणे निघाले आणि ज्योत विझली.

"चोरी झाली!" सासरे ओरडले. गोबरगॅस चोरणारा चोर आता अख्ख्या खानदेशात शोधायचा होता. उरलेल्या पुऱ्या सासूबाईंनी चुलीवर तळल्या.

दुसऱ्या दिवशी टाकी पुन्हा पुरती वर. सासरे बराच वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले. मग स्वयंपाकघरात आले आणि किल्ली सासूबाईंसमोर धरली.

"घे. आता रोज वापर."

सासूबाईंनी हात पुढे केला. तो किल्लीच्या शेजारून गेला आणि तिथेच थांबला.

"द्या ना," त्या म्हणाल्या.