न सोडलेली गाठ

जनीला दिराचं कौतुक जरा जास्तच, हे अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. सासू गेली तेव्हा संदेश लहान होता. नवरा आत्माराम मुंबईला नोकरीला, गणपती-शिमग्यापुरता घरी. तेव्हा आपल्या पानातली माशाची तुकडी दिराच्या पानात सरकवत तिनेच त्याला वाढवला.

पुढे तो जहाजावरच्या किचनमध्ये लागला, इटालियन रांधायला शिकला आणि परत येऊन त्याने गणपतीपुळ्याच्या रस्त्याला जांभ्या चिऱ्यांचं हॉटेल काढलं. मातीची भट्टी, लाकडी बाकं आणि दारावर पाटी : 'जनीचा मळा'. खाली बारीक अक्षरांत, 'ताटातलं सगळं आमच्याच मळ्यातलं'. पाटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा जनीला हसावं की रडावं ते कळेना.

मळाही तिनेच उभा केला. विहिरीशेजारच्या कातळावर पाट्यांनी माती वाहिली, संदेशने आणलेलं लांबट टोमॅटोचं बी पेरलं. त्याची ती परदेशी तुळसही लावली, पण आधी नाक मुरडून. तुळस काय रश्शात ढकलायची वस्तू आहे? शिवाय रविवारी तुळस खुडत नाहीत, म्हणून शनिवारीच खुडून, ओल्या फडक्यात बांधून ती पाठवून द्यायची. दिरासाठी देवाशीही थोडं जुळवून घेतलं बाईने.

सकाळी बाबल्याचा टेम्पो माल न्यायला यायचा आणि हॉटेलातल्या साली, देठं पिंपात भरून खताला आणायचा. रविवारी दुपारी संदेश पाहुण्यांना घेऊन यायचा. जनी त्यांना वाफे दाखवायची आणि शेवटी टोमॅटोवर हात ठेवून सांगायची, "तुमच्या ताटात आलेला, तो ह्योच." हे सांगताना तिची मान ताठ व्हायची.

त्या रविवारी सकाळी तिने पिंप खड्ड्यात रिकामं केलं आणि सालींऐवजी सबंध टोमॅटो गडगडत बाहेर आले. लांबट, देठासकट, तिचेच. त्यांच्या मागोमाग पडलं कालचं तुळशीचं फडकं. गाठ तिने मारली होती तशीच होती.

"बाबल्या, ह्ये काय?"

बाबल्या टेम्पोचा दांडा पुसायला लागला. "नवा माणूस ठेवलाय, वयनी. त्यान चुकून पिंपात टाकलान."

"चुकून? मग रोज कुटं टाकतात?"

"पाठच्या पऱ्यात," तो खाली मान घालून म्हणाला. "दिवाळीपासनं कोल्हापूरचा माल येतोय. नि टोमॅटोचा रस डब्यातला. मी सांगितलंय म्हनू नुको."

जनी खड्ड्याच्या कडेवर बसली. वर्षभर वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला झाला होता, तो त्या पऱ्याच्या पाण्यात घालायला? मग तिने स्वतःची समजूत घातली. संदेशला ठाऊकच नसेल. नोकर लोक काय, मालकाच्या पाठीमागे काहीही करतात. आपलं पोर असं करायचं नाही. तिने फडकं कनवटीला खोचलं.

दुपारी पाहुणे आले. पुण्याच्या एका बाईंनी मोबाईलवर शूटिंग करत नेहमीचंच विचारलं, "हे सगळं इथलंच का हो?"

जनीने आज टोमॅटोवर हात ठेवला नाही. "माजा दीर सांगल," ती म्हणाली. "सांग संदेश, ताटात कुटले वाढतोस?"

ती त्याच्या कानांकडे बघत होती. लहानपणी फडताळातला गूळ पळवला की त्याचे कान तांबडे व्हायचे आणि चोरी तिथेच पकडली जायची.

संदेशने हसून तिच्या खांद्यावर हात टाकला. "सगळं इथलंच. आमच्या वहिनीपुढे खोटं चालत नाही. आई गेल्यावर हिनेच वाढवलंय मला."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कान जसेच्या तसे होते.

कचऱ्यातले टोमॅटो तिने एक वेळ गिळले असते. पण त्याने तिच्या मायेचीही पाटी करून दारावर टांगली होती. तिच्या नावाने, तिच्याच तोंडून लोकांना फसवत होता आणि ती मान ताठ करून उभी राहत होती. तिला स्वतःचीच शरम वाटली, आणि त्याहून जास्त त्याचा राग आला.

तिने कनवटीचं फडकं काढून त्याच्या हातात दिलं. "गाठ सोड."

"नंतर बघू, वहिनी."

"आता सोड. काल सोडायची होतीस."

सगळे बघत होते, त्यामुळे त्याला सोडावी लागली. आतली तुळस काळी पडली होती. त्या बाईंनी तुळशीकडे पाहिलं, मग खड्ड्यातल्या टोमॅटोंच्या ढिगाकडे, आणि मोबाईल पर्समध्ये ठेवला.

तेव्हा कुठे संदेशचे कान तांबडे झाले. पण ती लाज वहिनीपुढची नव्हती, पाहुण्यांपुढची होती. वाढवलेल्या पोराचं एवढं तर तिला कळत होतं.

एरवी कान तांबडे झाले की ती त्याला जवळ घ्यायची. आज ती विहिरीकडे गेली आणि मळ्याचा पंप बंद केला.