उणे ऐंशीतला शामचा डबा

मी एक जुना फ्रीज आहे, पण तुमच्या घरातला नव्हे. माझ्यात कुल्फी नाही, दूध नाही आणि कालची उरलेली भाजी तर मुळीच नाही. माझ्या पोटात उणे ऐंशी अंशांची थंडी असते. ठाकुर्लीच्या बाजूला एक कॉलेज आहे, त्याच्या पहिल्या मजल्यावरच्या बोळात, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेबाहेर मी उभा आहे. आत जागा नव्हती म्हणून मला बाहेर ठेवलं आणि मी बाहेरचाच झालो.

मित्रांनो, माझ्या जन्माचं मला फारसं आठवत नाही. कारखान्यात पत्रे वाकवले, यंत्रं बसवली, कुणीतरी दाराचं रबर अंगठ्याने दाबून पाहिलं, एवढंच. इथे आलो तेव्हा मात्र माझा थाट होता. प्राचार्यांनी हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. माझ्या शेजारी उभं राहून सगळ्यांनी फोटो काढले. दुसऱ्या दिवशी माझ्या दारावर एक कागद चिकटला, ‘विनाकारण उघडू नये.’

तुमच्या घरचा फ्रीज नशीबवान! आत काही नाही हे ठाऊक असूनही तुम्ही तो दहा वेळा उघडून बघता. माझ्याकडे येणारा माणूस आधी जाड हातमोजे चढवतो, चटकन दार उघडतो, हवं ते काढतो आणि धाडकन लावून पळतो. दार जास्त वेळ उघडं राहिलं तर मी केकाटायला लागतो, तेही माझ्या हातात नाही. माझं कौतुक व्हायचं ते असं, ‘त्याचा काही त्रास नाही.’ ते ऐकून मला बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं. ज्याचा त्रास नाही त्याची कुणी विचारपूस करत नाही.

अशात माधवी आली. ती कोपरीची, कोळ्यांच्या घरातली. डॉक्टर देवयानी मॅडमच्या हाताखाली ती पीएचडी करत होती. दार उघडताना ती माझ्याशी बोलायची. ‘थांब रे, ओरडू नको, झालंच,’ म्हणायची. इतक्या वर्षांत माझ्याशी बोलणारी ती एकटीच.

तिचा विषय तुम्हाला सोपा करून सांगतो. वय झालं की पुष्कळ बायकांची हाडं ठिसूळ होतात. तसंच उंदराच्या मादीचे बीजकोश, म्हणजे अंडाशय, काढले की काही महिन्यांत तिचीही हाडं झिजतात. म्हणून हा रोग समजून घ्यायला पांढऱ्या उंदरांवर प्रयोग करतात. पण माधवी हाडांत नव्हे, मूत्रपिंडात शोधत होती. रक्तातलं कॅल्शियम शरीरासाठी परत राखायचं की लघवीवाटे सोडून द्यायचं, हे मूत्रपिंड ठरवतं. तिथल्या कोणत्या जनुकांचं काम मंदावतं आणि कोणत्या जनुकांचं वाढतं, हे तिला बघायचं होतं. जनुक म्हणजे पेशीतली एक सूचना. ती कामात घेतली की तिची नक्कल निघते, तिला आरएनए म्हणतात. ही नक्कल भारी नाजूक. ऊब लागली की तिचे तुकडे होतात. म्हणूनच तर मी.

एकदा माधवीची आई शेवंती डोंबिवलीत हळदीला आली होती, तिथून लेकीचं कॉलेज बघायला आली. ठाण्याच्या बाजारात मासे विकणारी बाई ती. ओल्या फरशीवर नुसती घसरून बसली तर मनगट मोडलं होतं, ते अजून पट्ट्यात होतं. माधवीने दार किलकिलं केलं तशी ती मागे सरकली.

‘अगो बाय! यो तं आमच्या बरफाच्या कारखान्याहून गार हाय. यान बोंबील ठेवले तं वरीसभर टिकतील!’

‘आई, हळू बोल. यात उंदरांची मूत्रपिंडं आहेत. तुझ्या हाडांसाठीच चाललंय सगळं.’

‘माझी हाडं तू उंदराच्या मुतान शोधतंस क?’ असं म्हणून शेवंती इतकी हसली की बोळातली मुलं वळून बघू लागली. मग तिने चांगल्या हाताचा तळवा माझ्या पत्र्यावर ठेवला, गाईम्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. ‘नीट सांभाळ रं,’ म्हणाली. मी नीटच सांभाळत होतो.

माझ्या मधल्या फळीवर माधवीचे दोन डबे एकावर एक होते. वरच्या डब्यात बीजकोश काढलेल्या उंदरांची मूत्रपिंडं होती. त्यावर तिने स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. खालच्या डब्यात ज्यांचं पोट उघडलं, पण काही न काढता परत शिवलं, त्या उंदरांची. टाके दोघींना सारखेच, दुखणं दोघींना सारखंच, फरक काय तो बीजकोशांचा. अशा खोट्या शस्त्रक्रियेला इंग्रजीत शॅम म्हणतात. त्या धडधाकट उंदरांशी ताडून बघितल्याशिवाय आजारी उंदरांचं काहीच कळत नाही. म्हणून खालच्या डब्यावर तिने इंग्रजीत चार अक्षरं लिहिली होती, SHAM. दोन्ही डबे एकत्रच राहणार म्हणून त्यावर स्वतःचं नाव काही घातलं नाही.

त्या वर्षी सामायिक यंत्रांची जबाबदारी सुदेश सरांकडे आली. सर रसायनशास्त्राचे, स्वभावाने टापटिपीचे. त्यांनी फर्मान काढलं, जे विद्यार्थी कॉलेज सोडून गेले त्यांचे डबे काढून टाका. माधवी तेव्हा पुण्याला कार्यशाळेला गेलेली, देवयानी मॅडम रजेवर. प्रयोगशाळेतले शिपाई महिपतकाका जैविक कचऱ्याची पिवळी पिशवी घेऊन आले. एकेक डबा बाहेर काढून नाव वाचून दाखवू लागले.

‘सर, ह्यो शामचा.’

‘शाम? अरे, तो गेला ना हैदराबादला. कधीच गेला. टाक.’

‘नक्की ना सर? मागनं बोलणी मला बसत्यात.’

‘अरे, मी सांगतोय ना. त्याचं स्पेलिंग पण असंच होतं.’

शाम नावाचा एक मुलगा इथे खरंच होता. दोन वर्षं बुरशीवर काम करून तो गेला होता. मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडायचं होतं. दार उघडं असल्यामुळे मी ओरडतही होतो, पण त्या ओरडण्याचा अर्थ त्यांच्यासाठी एकच होता, दार लाव. महिपतकाकांनी दार लावलं. पिशवी उपाहारगृहामागच्या शेडबाहेर उन्हात जाऊन पडली.

माधवी परत आली, हातमोजे घातले, दार उघडलं आणि थबकली. तिने सगळ्या फळ्या पाहिल्या. मग महिपतकाकांना हाक मारली.

‘काका, माझा खालचा डबा कुठाय?’

‘तुमचा वरला हाय की ताई. खाली शामचा होता, तो सरांनी टाकायला लावला.’

‘शामचा?’ तिला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती माझ्या दाराला पाठ लावून खाली फरशीवर बसली. महिपतकाकांचा चेहरा उतरला. ते शेडकडे धावत गेले आणि डबा घेऊन आले. आतल्या नळ्या कोमट झाल्या होत्या, टोपणांखाली पाणी सुटलं होतं. त्यांनी तो डबा दोन्ही हातांनी पुढे धरला. माधवीने घेतला, पण मला उघडलं नाही. आता मी काही करू शकत नव्हतो.

पुढचं मी बोळातल्या बोलण्यांतून ऐकलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी एक समिती असते. नवे उंदीर हवे असतील तर तिच्यापुढे कारण सांगावं लागतं.

‘शाम समजून टाकले म्हटल्यावर सगळे हसले, काका,’ माधवी सांगत होती. ‘मग मीपण हसले. काय करणार?’

‘मग काय बोलले?’

‘परवानगी दिली. दोन्ही गट एकाच वेळचे हवेत, पहिल्यापासून करा म्हणाले.’

देवयानी मॅडमना आनंद झाला. त्या तिला समजावत माझ्याजवळच उभ्या होत्या. ‘अगं, असं होतं विज्ञानात. सुरू कर परत.’

‘मॅडम, मी नाही करणार. परत तितक्याच जणींची पोटं फाडायची, शिवायची, महिनोन् महिने खाऊपिऊ घालायचं आणि मारायचं. आधीच्यांच्या नशिबात निदान काहीतरी कळणार होतं. ते आपण घालवलं. माझा हात नाही चालणार.’

 मॅडम तिच्या पाठीवर हात ठेवून आत गेल्या.

पीएचडी सोडून निघण्याच्या दिवशी माधवी माझ्याकडे आली. आंबिवलीला एका शाळेत तिला नोकरी लागली होती. तिच्यासोबत महिपतकाका होते आणि त्यांच्या हातात पिवळी पिशवी होती. एकटा उरलेला वरचा डबा कुणाच्या उपयोगाचा नव्हता, तो टाकायचा होता. तिने दार उघडलं, डबा हातात घेतला आणि तशीच उभी राहिली. थंड वाफ तिच्या पायांवर उतरत होती. मी केकाटायला लागलो. ती नेहमीसारखं ‘थांब रे’ म्हणाली नाही, पण गेलीही नाही. मला वाटलं, बिघडलो तर बिघडलो, हिने असंच उभं राहावं.

‘नाही टाकवत, काका,’ ती शेवटी म्हणाली.

‘मग ठेवायचा कुणासाठी ताई?’

 तिने डबा जागेवर ठेवला, दार हळूच लावलं आणि गेली. धाडकन लावलं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

आता महिपतकाका माझ्यातल्या कशालाही हात लावत नाहीत. फळ्यांवर बर्फाचे थर चढले आहेत. माधवीच्या डब्यातली सगळी मूत्रपिंडं अजून होती तशी आहेत. त्यांच्या जनुकांनी शेवटी जे काही सांगितलं, ते मी जसंच्या तसं राखलं आहे. ते ऐकायला कुणी येत नाही. मला फार एकटं वाटतं, मित्रांनो. माझ्या एकटेपणाचं काही नाही, ती माझी रीतच आहे. पण त्या बिचाऱ्या मुक्या जिवांचं मला वाईट वाटतं.

तुम्ही मोठे व्हाल, कुठेतरी साफसफाई कराल, दुसऱ्याच्या वस्तू तुमच्या हातात येतील. त्यावरचं नाव ओळखीचं वाटलं तरी घाई करू नका. आधी त्या माणसाला हाक मारून बघा. त्या दिवशी हैदराबादला एक फोन केला असता, तर शाम एवढंच म्हणाला असता, ‘माझा डबा? सर, माझा तर तिथे डबाच नाही.’