लाल पाटी कोणी काढली?

मी एक जुनी लाकडी पाचर आहे आणि माझा कोणावरही विश्वास नाही. मित्रांनो, ओळख करून देताना असं बोलणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. छत्री, फळा, फाटकं पुस्तक, सगळे आपली कहाणी सांगताना आधी गोड बोलतात. पण मी पडले रेल्वेच्या यार्डातली. उभ्या मालडब्याच्या चाकाखाली घुसून बसायचं आणि हा आता हलणार, असा सतत संशय घ्यायचा, हेच माझं काम. ते करता करता स्वभावही तसाच झाला, त्याला मी काय करू?

आमच्या यार्डाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की चौकशी लागते. जळगाव जिल्ह्यातलं आहे, मालगाड्यांचं आहे, आणि उन्हाळ्यात तिथली खडी पायाला चटके देते, एवढं पुरे.

माझा जन्म चोपड्याकडच्या एका शेताच्या बांधावरचा. तिथे मी बाभूळ होते. जीवराम मिस्त्रींनी मला कापलं, तासलं, एका बाजूने निमुळतं केलं आणि दुरून दिसावी म्हणून पिवळा रंग फासला. बाभळीचं लाकूड चिवट, लवकर चिरत नाही. यार्डात आले तेव्हा सगळे आपल्या अहिराणीत म्हणाले, "पाचर भारी शे!" मला बरं वाटलं. पण लगेच मनात आलं, हे एवढं कौतुक कशासाठी करतायत?

यार्डात डबा उभा केला की त्याला तीन गोष्टी लागतात. हातब्रेक आवळायचा, चाकाला साखळी घालून कुलूप लावायचं आणि टोकाच्या चाकाखाली माझ्यासारखी पाचर ठोकायची. हातब्रेक असताना साखळी कशाला आणि साखळी असताना पाचर कशाला, असं तुम्ही विचाराल. अहो, हातब्रेकवर साखळीचा विश्वास नाही आणि साखळीवर माझा नाही. आमच्या यार्डाला थोडा उतार आहे. डोळ्यांना तो दिसत नाही, डब्याला मात्र बरोबर समजतो.

आणखी एक नियम आहे, तो नीट ऐका. डब्याखाली कोणी दुरुस्तीला शिरणार असेल, तर त्याने आधी दोन्ही टोकांना रुळावर लाल पाटी लावायची. लाल पाटी दिसली की त्या डब्यांना इंजिनाने शिवायचंही नाही. आणि ज्याच्या हाताने पाटी लागली, त्याच्याच हाताने ती निघायची. साहेब असो की दोस्त, दुसऱ्या कोणीही तिला हात लावायचा नाही.

आता माझी माणसं सांगते. मला चाकाखाली घालणारे आणि काढणारे दोघे, प्रेमराज आणि सरदार. दोघेही पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, डबे जोडणारे-सोडणारे आणि इंजिनाला झेंडी दाखवणारे.

प्रेमराज मला फार आवडायचा. सदा हसतमुख. कोणाचा डबा घरी राहिला तर आपली भाकरी पुढे करणार, कोणाला घाई असेल तर त्याचं काम आपण उरकून टाकणार. मला काढलं की फडक्याने पुसायचा आणि यार्ड मास्तरांच्या टपरीमागच्या सावलीत ठेवायचा. असा लाड माझा कोणी केला नव्हता.

आणि सरदार? नाव काढलं तरी माझ्या अंगावर शिरशिरी यायची. उंच, वाळका, बोलायला कंजूस. प्रेमराजने मला नीट ठोकून बसवलं की हा मागून यायचा आणि बुटाने मला लाथ घालून बघायचा! मग वाकून डोळे बारीक करायचा, साखळी ओढायचा, कुलूप हिसकायचा. एवढ्यावर भागायचं नाही. खिशातून खडू काढून चाकाशेजारी रुळावर एक रेघ मारायचा आणि काही वेळाने येऊन रेघ आणि चाक जागच्या जागी आहेत का ते पाहायचा. मला वाटायचं, हा प्रेमराजच्या चुका गोळा करतोय. एक दिवस हा त्याचा काटा काढणार.

असं मला एकटीलाच वाटत नव्हतं. यार्डातले लोकही सरदारला साहेबाचा खबऱ्या म्हणायचे. तो आला की गप्पा बंद. प्रेमराज तेवढा हसून म्हणायचा, "देखू द्या त्याले. त्यानी सवयच शे ती." त्याच्या त्या हसण्याचं मला कौतुक वाटायचं आणि सरदारचा आणखीच राग यायचा.

मग मे महिन्यातली ती दुपार आली.

सावद्याकडे केळीचा माल भरायला रिकामे डबे हवे होते. केळी काही कोणासाठी थांबत नाहीत. टपरीतला फोन सारखा खणखणत होता. नेमके ते डबे आमच्या लाइनीवर उभे होते, आणि मी पहिल्या डब्याच्या चाकाखाली. दुसऱ्या डब्याच्या ब्रेकचा दांडा निसटला होता, म्हणून मेघा आली होती. मेघा म्हणजे डबे दुरुस्त करणारी आमच्या यार्डातली फिटर. हाताची पक्की आणि नियमाला चोख. तिने दोन्ही टोकांना लाल पाट्या लावल्या, डब्याखाली शिरली आणि काम सुरू केलं. थोड्या वेळाने बाहेर आली, घाम पुसला आणि हातात पिशवी घेऊन स्टोअरकडे चालू लागली. दांड्याला लावायची पिन कमी पडली होती. काम अर्धंच होतं, म्हणून पाट्या तिने तशाच ठेवल्या.

प्रेमराजने तिला जाताना पाहिलं.

परत आली ती पलीकडच्या बाजूने. तिकडे डब्यांची सावली होती, म्हणून तिकडून आली असावी. ती खाली शिरली. तिचे बूट मला दिसले, मग कोपर दिसलं. प्रेमराजला काहीच दिसलं नाही, कारण मध्ये डबे होते. बाजूच्या लाइनीवर आमचं डिझेल इंजिन घरघरत होतं, त्यामुळे ऐकूही काही येत नव्हतं.

पुन्हा फोन वाजला. प्रेमराज आमच्याकडे बघत स्वतःशीच म्हणाला, "मेघा गयी, अन् पाटी इसरी गयी. चला, आपणच काढी लेऊ."

मित्रांनो, त्याच्या मनात काडीचंही पाप नव्हतं. मेघाची परत खेप वाचावी, केळीवाल्यांचं काम व्हावं, एवढंच होतं. त्याने इंजिनाकडच्या टोकाची लाल पाटी काढून काखेत धरली. मग हातोडीच्या एका ठोक्याने मला चाकाखालून सोडवलं, साखळी काढली, आणि घाईत मला पुसायचं विसरून खडीवर टाकलं.

मी आडवी पडले होते. माझ्यासमोर चाक होतं आणि चाकापलीकडे मेघा. ती पाठीवर पडून वर बघत होती. मला भयंकर भीती वाटली. इतकी वर्षं मी चाकावर संशय घेतला, साखळीवर घेतला, सरदारवर तर रोज घेतला. ज्याच्यावर कधीच घेतला नाही, त्यानेच मला बाजूला काढलं होतं. आणि पाचरीला तोंड नसतं. मी ओरडणार तरी कशी?

प्रेमराजने हात वर केला. "सरदारभाऊ, दाखव झेंडी! बठ्ठं झायं!" सगळं झालं, म्हणे.

सरदार इंजिनाशेजारी उभा होता. ड्रायव्हर छगनने खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं. हिरवी झेंडी दिसली की इंजिन पुढे येणार आणि डब्यांना धडकून जोडलं जाणार. सरदारने झेंडी वर केली, पण लाल.

"पाटी कोनी काढी?" त्याने विचारलं.

"मीच काढी. ती कवयच गयी. मी सोता देखी तिले जाताना."

"तिनी काढी का?"

"नही रे, पन..."

"मंग ती आजून लागेलच शे."

प्रेमराजचं हसू पहिल्यांदाच मावळलेलं मी पाहिलं. पाटी त्याच्या काखेत होती आणि हा माणूस म्हणत होता, ती अजून रुळावरच आहे! चार माणसं गोळा झाली. प्रेमराजचा आवाज चढला.

"इतला साल संगे काम करं आपण. अन् मन्हावर भरोसा नही शे तुले? माले खोटा ठरावस?"

"तू खरा शे," सरदार म्हणाला. "पन पाटी तुनी नही शे."

तेवढ्यात यार्ड मास्तर टपरीतून तणतणत आले. "अरे सावद्याहून फोनवर फोन येतायत! सरदार, चालत्या कामात तू काय पाचर मारून बसलायस?"

मला या बोलण्याचा राग यायला हवा होता. पण मी मनातल्या मनात म्हणत होते, मार बाबा, मार, तूच काय ती मार, मला तर यांनी काढून टाकलंय. ज्याच्या लाथा मी एवढी वर्षं खाल्ल्या, त्याच्यावरच आता माझी सगळी भिस्त होती.

"मेघाले बलावा," सरदार म्हणाला. "ती सोता येवाले पाहिजे. तवपावत झेंडी नही."

एक जण कँटीनकडे पळत गेला आणि परत आला. मेघा तिथे नव्हती. स्टोअरमध्येही नव्हती. तिथला कारकून म्हणाला होता, पिन घेऊन ती केव्हाच गेली.

पिन घेऊन गेली, म्हणजे कुठे गेली? यार्ड मास्तरांचा चेहरा उतरला. सरदारने छगनकडे बघून इंजिन बंद करायची खूण केली.

घरघर थांबली. यार्डात एकदम शांतता झाली. आणि त्या शांततेत डब्याखालून आवाज आला, ठक, ठक, ठक. मेघा पिन ठोकत होती.

थोड्या वेळाने मेघा सरपटत बाहेर आली, कपाळाला काळं लागलेलं, हातात हातोडी. एवढी माणसं बघून हसली. "काय झालं? बठ्ठा असा काय देखतस?" मग तिची नजर प्रेमराजच्या काखेतल्या लाल पाटीवर गेली. तिचं हसू विरलं. ती तिथेच खडीवर बसली.

तिने विचारलं, "सरदारभाऊ, मी खाली आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"माले काहीच माहीत नव्हतं," सरदार म्हणाला. "म्हनीसन तं थांबनू."

मी ते वाक्य खडीवर पडल्या पडल्या ऐकलं आणि मला हुंदकाच फुटला असता, लाकडाला फुटत असता तर. त्याला काहीच माहीत नव्हतं, म्हणूनच तो थांबला! तो अंतर्ज्ञानी नव्हता आणि खबऱ्याही नव्हता. आपल्याला माहीत नाही, एवढं मान्य करण्याचं धाडस त्याच्यात होतं. माझ्या पोटात लाथ घालून तो रोज तेच करत होता, आणि मी त्याला वैरी समजत होते.

सगळं गोड झालं असं समजू नका. प्रेमराज कितीतरी दिवस सरदारशी बोलला नाही. चारचौघांत आपली लाज गेली, हे त्याच्या मनात सलत होतं. काही लोक कुजबुजले, "सरदारला सगळं ठाऊक होतं, मुद्दाम तमाशा केला." संशयाला औषध नसतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? सरदार आपला रोजच्यासारखा खडूने रेघा मारत होता.

मग एका सकाळी दोन डब्यांची जोडणी अडकली. ती सोडवायला कोणीतरी मधे शिरायला हवं होतं. पाळी प्रेमराजची होती. त्याने लाल पाटी लावली, हातब्रेक आवळला, साखळी घातली, मला चाकाखाली ठोकलं. दोन डब्यांच्या मधे शिरायला तो वाकला आणि तसाच थांबला. सरदार पलीकडे सांध्यापाशी उभा होता. प्रेमराज त्याच्याकडे बघत राहिला. शेवटी त्याने हाक मारली.

"सरदार, इकडे ये. बठ्ठं मी घालेल शे म्हनीसन सोडू नको. तू सोता देख. मंगच मी मधे जास."

सरदार आला. दोघेही एकमेकांकडे न बघता खाली वाकले. माझ्यावर चार डोळे होते, आणि माझ्या जन्मात मला एवढं सुरक्षित कधी वाटलं नव्हतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू शेवटी तुमच्याजवळ दया मागतात. आम्हाला टाकू नका, सांभाळून ठेवा, म्हणतात. माझं मागणं उलटं आहे. माझ्या कडेला आता एक बारीक रेष दिसू लागली आहे. ती नुसती रंगाची आहे की आतपर्यंत गेली आहे, मला माहीत नाही. म्हणून मला उचला, उन्हात धरा, ठोकून बघा. जुनी आहे, गुणाची आहे, इतकी वर्षं राबली आहे, म्हणून मला सूट देऊ नका. भेग निघाली तर खुशाल चुलीत घाला, मी रागावणार नाही. पण मला चाकाखाली ठेवून डब्याखाली कोणाला पाठवू नका. तिथे कोणाची तरी मेघा असते.