काट्यावरची पहिली खेप

दुसरी फ्लॉपी पुन्हा अडकली. नव्या कॉम्प्युटरनं घरघर केली आणि पडद्यावर इंग्रजीत कळवलं, वाचता येत नाही. नलिनीनं फ्लॉपी बाहेर काढली, पत्र्याची झडप अंगठ्यानं सरकवली आणि बघतच राहिली. आतल्या काळ्या चकतीवर लाल कण चिकटले होते.

"कुंकू," ती म्हणाली.

केसरबाई केबिनच्या दारात बसून खराटा बांधत होती. ट्रक चढतात ती काट्याची लोखंडी फळी झाडणं तिच्याकडे. "मंग काय तं? रमाकांतभाऊ दर खंडेनवमीला पूजा करायचा. काट्याची, कांप्युटरची, या फलाप्यांची. बोट ओला करून लावायचा."

"वरून लावायचं ना. आत कशाला?"

"देव काय नुसता वरच बसतो?"

पौषात वडील गेल्यापासून नलिनी आज पहिल्यांदा हसली.

दादऱ्याच्या रस्त्यावरचा हा वजनकाटा कल्पेशभाईंचा. काटा सुरू झाला त्या दिवसापासून तिचा बाप रमाकांत त्या केबिनमध्ये बसला, आणि तो गेल्यावर त्याच्या खुर्चीवर नलिनी. आठवड्यापूर्वी विजेच्या झटक्यानं जुना कॉम्प्युटर जळाला. नव्यात विंडोज होतं. वजनाचा जुना प्रोग्राम त्यात उघडला की लगेच मिटायचा. तो लिहून देणारा सुरतेचा माणूस धंदा गुंडाळून कुठे गेला, कुणाला ठाऊक नव्हतं. प्रोग्राम आयुष्यभर विंडोजआधीच्या डॉसवर चालला, तर वडिलांनी ठेवलेल्या तीन फ्लॉप्यांवरून नव्या यंत्रावरही डॉसच घालून बघू, असं नलिनीनं ठरवलं.

"जुओ नलिनीबेन," कल्पेशभाई शनिवारी म्हणाले होते, "दुसरी कंपनी नवा प्रोग्राम देते, संगाती आपला माणूस पण बसवते. सोमवारी पहिली गाडी येल तवा काटा चालू पायजे. तुमच्याकडून झाला तर खुर्ची तुमची. नाय तर मी त्यांना हा बोलतो."

आज रविवार होता. काटा बंद.

तिनं कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पिळला. फ्लॉपीच्या पाठीवरची धातूची टिकली बोटानं फिरवत, झडपेतून चकतीचा जेवढा भाग दिसेल तेवढा ती अलगद पुसत गेली. कापूस गुलाबी झाला. तो फेकायचा तिला धीर होईना. तिनं तो टेबलाच्या कडेला ठेवला.

चकती वाळली. फ्लॉपी आत गेली. घरघर सुरू झाली, थांबली, आणि पडद्यावरची पट्टी पुढे सरकली.

"लागला?" केसरबाई उठून उभी राहिली.

"लागलं."

तिसरी फ्लॉपीही बिनबोभाट गेली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, वडिलांच्या वेळी असायची तशीच. नलिनीनं वजनाचा प्रोग्राम त्यात घातला आणि सुरू केला. तो उघडला आणि लगेच मिटला. खाली एक ओळ उरली: शून्यानं भाग.

तिनं वापीला निलेशला फोन लावला. कॉम्प्युटर त्यानंच विकला होता.

"शून्यानं भाग म्हणतोय?" निलेश जेवत होता. "ताई, मशीन जास्त पळतंय. तो प्रोग्राम उघडताना आधी मशीनचा वेग मोजतो. एवढा वेग त्यानं जन्मात बघितला नाही, मग हिशेब फसतो. सेटिंगमध्ये जा आणि कॅशे बंद करा."

"त्यानं काय होईल?"

"काय व्हायचंय? मी विकलेल्या मोटारीची तुम्ही बैलगाडी कराल."

"करते," नलिनी म्हणाली.

या वेळी सगळं सावकाश झालं. चौकट एकेक रेघ करत उमटली, जिना चढताना मध्येच दम घेणाऱ्या माणसासारखी. मग हिरवे आकडे आले आणि रिकाम्या काट्याचं शून्य स्थिर झालं. नलिनी दोन्ही हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे पाहत राहिली. केसरबाईनं चहा ठेवला.

सोमवारी सकाळी सुताचा ट्रक फाटकाशी येऊन थांबला. कल्पेशभाई केबिनमध्ये हाताची घडी घालून उभे होते.

"ओ ताई, चढवू काय?" ड्रायव्हर ओरडला.

"थांबा जरा."

पहिल्या ट्रकआधी रमाकांत रोज स्वतः काट्यावर उभा राहायचा आणि विचारायचा, "किती?" नलिनी शाळकरी असताना सुट्टीच्या दिवशी खिडकीतून ओरडायची, "सत्तर!" काटा दहा-दहा किलोंनीच मोजायचा. गेल्या दिवाळीनंतर साठ आले. मग एका सकाळी पन्नास. त्या सकाळी ती 'साठ' म्हणाली होती, आणि तो फळीवरून उतरला होता.

नलिनी फळीच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"किती?"

केसरबाईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "पाच. अन् म्होरं भोपळा."

"बरोबर," नलिनी म्हणाली.

आत कल्पेशभाईंनी फोन उचलला. "ना भाई, तुमचा माणूस नको. काट्यावर अमारी बेन छे."

नलिनी फळीवरून उतरली. खिडकीतून दिसणारा पडद्यावरचा आकडा शून्यावर आला. मग तिनं हात उंच करून ट्रकला बोलावलं.